मत दिल्यानंतर पुढे काय होतं? निवडणुका, मतमोजणी आणि मतदार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मतदान आणि मतमोजणीबद्दल वाचक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. मत कोणाला द्यावं यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण दिलेलं मत मोजतात कसं, हे फार थोडे जण विचारतात. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच ठरतो. म्हणून मोजणीच्या प्रश्नांना इथे मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

१. निवडणुका होतात म्हणजे तिथे लोकशाही आहे, असं म्हणता येईल का?

नाही. सोव्हिएत संघातही ठरल्या वेळी निवडणुका होत. मतपत्रिकेवर नाव एकच असे आणि ९९ टक्के मतं त्याच नावाला पडल्याचं जाहीर होई.

मी एकच कसोटी लावतो: सत्तेत बसलेला हरू शकतो का, आणि हरल्यावर खुर्ची सोडतो का? १९७७ मध्ये भारतात काँग्रेस केंद्रातून पहिल्यांदाच पायउतार झाली, पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून पडल्या, आणि सत्तांतर झालं. मेक्सिकोत तब्बल ७१ वर्षं राष्ट्राध्यक्षपद एकाच पक्षाकडे होतं. निवडणुका तिथेही नियमित होत होत्या, पण २००० साली विरोधी उमेदवार व्हिसेंते फॉक्स निवडून आले तेव्हा त्या निवडणुकांना अर्थ आला. विरोधकाला सभा घेता येणं, पत्रकाराला लिहिता येणं, मतदारयादीत नाव असणं, मत गुप्त राहणं (प्रश्न १४) या सगळ्या गोष्टी ती हार शक्य व्हावी म्हणूनच असतात.

२. ज्याला जास्त मतं पडली तो जिंकला. इतकं सरळ असताना या ‘मतदान पद्धती’ कशाला हव्यात?

दोनच उमेदवार असतील तर खरंच काही नको. तिसरा आला की सरळपणा संपतो. शंभर मतदार आणि अ, ब, क असे तीन उमेदवार आहेत असं धरा. प्रत्येक मतदाराच्या मनात पसंतीचा क्रम आहे:

४० जणांचा क्रम: अ, मग ब, मग क.
३५ जणांचा क्रम: क, मग ब, मग अ.
२५ जणांचा क्रम: ब, मग क, मग अ.

‘सर्वाधिक मतं तो विजयी’ हा नियम लावला तर ४० मतांवर अ निवडून येतो. पण बाकीच्या साठही जणांनी अ ला शेवटच्या जागी ठेवलंय. आता नियम बदला: निम्म्याहून अधिक मतं हवीत, नाहीतर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. ब बाहेर पडतो, त्याचे २५ जण क कडे वळतात आणि क ६० विरुद्ध ४० असा जिंकतो. तिसरा नियम: प्रत्येक जोडीची समोरासमोर लढत लावायची. ब आणि अ लढले तर ब ६० मतं घेतो. ब आणि क लढले तर ब ६५ मतं घेतो. म्हणजे ब दोघांनाही हरवतो.

लोक तेच, त्यांची मतंही तीच, आणि तीन नियमांनी तीन वेगळे विजेते. कुणी बोगस मतदान केलेलं नाही, कुणी मोजणीत हात मारलेला नाही. हे उदाहरण एकदा कागदावर स्वतःच्या हाताने करून पाहा. पुढची बरीच उत्तरं याच्यावर उभी आहेत.

३. तेहतीस टक्के मतं आणि साठ टक्क्यांहून जास्त जागा? हे गणित कसं जमतं?

जागा देशभरातल्या एकूण मतांवर मिळत नाहीत, त्या एकेका मतदारसंघात जिंकाव्या लागतात. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतं पडली आणि जागा आल्या ५. लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्के मतं आणि जागा ७२. मतं कमी असूनही लिबरल डेमोक्रॅट्स चौदापट जागा घेऊन गेले, कारण त्यांची मतं मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली होती आणि रिफॉर्मची देशभर पसरलेली. भारतात २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर ५४३ पैकी २८२ जागा मिळाल्या. बहुजन समाज पक्षाला चार टक्क्यांहून अधिक मतं मिळूनही लोकसभेत एकही जागा आली नाही.

यात गैरव्यवहार काही नाही. पण निकालाच्या रात्री ‘जनतेने भरभरून कौल दिला’ असं म्हणताना मतांची टक्केवारीही शेजारी ठेवावी, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. दहातल्या सात मतदारांनी विजेत्याला मत दिलेलं नसतं तेव्हा त्यांचंही अस्तित्व त्या वाक्यात असायला हवं.

याच पद्धतीत एकूण कमी मतं मिळवणारा पक्ष सरकारही बनवू शकतो. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा सलग दोन निवडणुकांत मजूर पक्षाला जास्त मतं मिळाली आणि सरकार नॅशनल पक्षाचं आलं. १९८१ मध्ये तिसऱ्या पक्षाला, सोशल क्रेडिटला, वीस टक्क्यांहून अधिक मतं पडली आणि जागा मिळाल्या २. लोकांच्या मनात ते राहिलं. १९९३ च्या सार्वमतात त्यांनी पद्धतच बदलली आणि १९९६ पासून प्रश्न ४ मधली मिश्र पद्धत सुरू झाली. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत २००० आणि २०१६ साली असंच घडलं, फक्त तिथे मतदारसंघांच्या जागी राज्यं आहेत.

४. प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणजे नक्की काय?

पक्षाला जितके टक्के मतं, साधारण तितके टक्के जागा. सर्वांत शुद्ध रूप नेदरलँड्समध्ये आहे: १५० जागा आणि जागावाटपासाठी सगळा देश मिळून जणू एकच मतदारसंघ. एका जागेपुरती, म्हणजे ०.६७ टक्के मतं मिळाली की संसदेत प्रवेश.

यावर ‘मग माझ्या भागाचा प्रतिनिधी कोण?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो योग्य आहे. जर्मनी आणि न्यूझीलंड यांचं उत्तर म्हणजे मिश्र पद्धत. मतदाराच्या हाती दोन मतं असतात, एक स्थानिक उमेदवाराला आणि एक पक्षाला. पक्षाच्या एकूण जागा दुसऱ्या मतावर ठरतात. स्थानिक विजेते वगळून पक्षाचा उरलेला वाटा त्याच्या यादीतून भरतात.

५. प्रमाणशीर पद्धतीत कायम आघाड्या, रुसवेफुगवे आणि अस्थिरता. त्यापेक्षा एका पक्षाचं मजबूत सरकार बरं नाही का?

या आक्षेपात तथ्य आहे. बेल्जियममध्ये २०१०-११ साली निवडणुकीनंतर नवं सरकार बनायला ५४१ दिवस लागले. पण दुसरी बाजूही बघा. जर्मनी दुसऱ्या महायुद्धानंतर जवळजवळ सगळा काळ आघाड्यांवरच चाललेला आहे, आणि त्या देशाला कुणी अस्थिर म्हणणार नाही. फरक असा की एका पद्धतीत तडजोड निवडणुकीआधी पक्षाच्या आत, बंद दाराआड होते. दुसऱ्या पद्धतीत निवडणुकीनंतर पक्षापक्षांत, निदान काही अंशी उघड्यावर होते. मला दुसरी जास्त प्रामाणिक वाटते. हे माझं मत आहे, तुम्हाला पटलंच पाहिजे असं नाही.

फाटाफूट रोखायला बहुतेक देश किमान मतांची अट घालतात. ती किती ठेवावी हा खरा नाजूक प्रश्न. जर्मनीत ५ टक्के आहे. २०२५ मध्ये एका नव्या पक्षाला ४.९८ टक्के मतं मिळाली आणि दहा हजारांहून कमी मतांनी तो संसदेबाहेर राहिला. तुर्कस्तानात ही अट १० टक्के होती. २००२ साली तिथे फक्त दोन पक्षांनी ती ओलांडली. ३४ टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाला ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या आणि देशातली सुमारे ४५ टक्के मतं कुठल्याच जागेत उतरली नाहीत. नावाला प्रमाणशीर पद्धत, आणि परिणाम प्रश्न ३ मधल्यापेक्षाही टोकाचा. २०२२ मध्ये तुर्कस्तानने ती अट ७ टक्क्यांवर आणली.

६. मला एक छोटा पक्ष मनापासून पटतो. सगळे म्हणतात, त्याला मत म्हणजे मत वाया. खरं आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात दरवेळी थोडी अपराधी भावना असते. ती तुमची चूक नाही, पद्धतीची आहे.

‘सर्वाधिक मतं तो विजयी’ या नियमात तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दिलेलं मत निकालावर दोनच प्रकारे परिणाम करतं: एकतर काहीच नाही, किंवा तुम्हाला नको असलेला निवडून येतो. त्यामुळे लोक ‘आणायला’ मत देण्याऐवजी ‘पाडायला’ मत देतात, आणि हळूहळू प्रत्येक मतदारसंघात दोनच तगडे उमेदवार उरतात. मॉरिस द्युव्हेर्जे या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात हा कल मांडला, आणि तो नियम त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मतविभागणीचं गाजलेलं उदाहरण फ्लोरिडातलं. २००० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्ज बुश यांनी तिथे अल गोर यांच्यावर ५३७ मतांनी बाजी मारली. तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना त्याच राज्यात ९७ हजारांहून अधिक मतं होती. दोन फेऱ्यांची पद्धतही यातून पूर्ण सुटत नाही. फ्रान्समध्ये २००२ साली पहिल्या फेरीत १६ उमेदवार होते. डावी मतं इतकी विखुरली की पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर तिसरे आले, १६.८६ टक्के मिळवलेले जाँ-मारी ल पेन दुसऱ्या फेरीत गेले, आणि तिथे जाक शिराक यांनी त्यांना ८२ टक्के मतांनी हरवलं. पहिल्या फेरीत शिराक यांना पसंती देणारे वीस टक्केही नव्हते.

मग करायचं काय? आधी आपल्याकडे मोजणी कशी होते ते पाहा. प्रमाणशीर पद्धत असेल आणि पक्ष किमान अटीच्या वर जाणार असेल तर बेधडक द्या. पसंतीक्रम असेल तर पहिली पसंती त्याला, दुसरी दुसऱ्याला. ‘सर्वाधिक मतं’ असेल तर तुमच्या मतदारसंघात लढत किती चुरशीची आहे यावर अवलंबून. लढत एकतर्फी असेल तर छोट्या पक्षाचं मत वाया जात नाही. त्या पक्षाची ताकद मोठ्या पक्षांना आकड्यात दिसते आणि पुढच्या जाहीरनाम्यात त्यांना त्याची दखल घ्यावी लागते.

७. पसंतीक्रमाची मतं मोजतात कशी? टेबलावर नेमकं काय घडतं?

मतपत्रिकेवर फुली किंवा शिक्का नसतो, आकडे असतात: १, २, ३. मोजणीच्या टेबलावर आधी सगळ्या पत्रिकांचे पहिल्या पसंतीप्रमाणे गठ्ठे लावतात. एखाद्या गठ्ठ्यात निम्म्याहून अधिक पत्रिका असतील तर काम संपलं. नसतील तर सर्वांत लहान गठ्ठा उचलतात, सोडतात, आणि त्यातली एकेक पत्रिका पाहून जिथे ‘२’ लिहिलंय त्या गठ्ठ्यावर ठेवतात. ‘२’ कुठेच लिहिलेलं नसेल तर ती पत्रिका बाजूला जाते. तिचा प्रवास तिथे संपतो. कुणीतरी निम्मा पल्ला ओलांडेपर्यंत हेच चालतं.

आयर्लंडमध्ये १९९० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या मोजणीत ब्रायन लेनिहन ४४ टक्क्यांवर पुढे होते आणि मेरी रॉबिन्सन ३९ टक्क्यांवर मागे. तिसऱ्या उमेदवाराचा गठ्ठा सुटला, त्यातल्या बहुसंख्य पत्रिका रॉबिन्सन यांच्याकडे गेल्या आणि त्या देशाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. भारतात राष्ट्रपतीची निवड याच पद्धतीने होते. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यात पहिल्या पसंतीवर निकाल लागला नाही. चिंतामणराव देशमुख आणि इतर उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजावी लागली, तेव्हा गिरी निवडून आले.

८. म्हणजे पसंतीक्रमात मतं फुटण्याचा प्रश्नच मिटला?

बराचसा मिटतो, पूर्ण नाही. प्रश्न २ मधला ब आठवा: समोरासमोर सगळ्यांना हरवणारा, पण पहिली पसंती कमी म्हणून आधीच बाहेर. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात २००९ च्या महापौर निवडणुकीत हे प्रत्यक्ष घडलं. पहिल्या पसंतीत कर्ट राइट पुढे, पसंतीक्रमाच्या मोजणीनंतर बॉब किस विजयी, आणि मतपत्रिका जोडीजोडीने तपासल्यावर दिसलं की अँडी मॉन्ट्रोल या दोघांनाही हरवू शकले असते. शिवाय राइट यांना पहिली पसंती देणाऱ्यांपैकी काहींनी ती मॉन्ट्रोलना दिली असती, तर निदान त्यांची दुसरी आवड निवडून आली असती. नागरिक चिडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ती पद्धत रद्द केली. त्यांचा राग मला समजतो, पण ज्या जुन्या नियमाकडे ते परतले त्यातही मॉन्ट्रोल हरलेच असते.

९. मग एकही दोष नसलेली पद्धत कोणती?

अशी पद्धत नाही, आणि हे गणिताने सिद्ध झालं आहे.

सुरुवात अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये झाली. कॉन्दोर्से यांनी १७८५ मध्ये दाखवलेली अडचण तीन मतदारांत मांडता येते. पहिल्याचा क्रम अ-ब-क, दुसऱ्याचा ब-क-अ, तिसऱ्याचा क-अ-ब. जोड्या लावून पाहा: अ ब ला हरवतो, ब क ला हरवतो, आणि क अ ला हरवतो, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक मतांनी. प्रत्येक माणसाचं म्हणणं सुसंगत आहे, पण सगळे मिळून गोल गोल फिरतायत. ‘जनतेची इच्छा’ काय, या प्रश्नाला इथे उत्तरच नाही.

१९५१ मध्ये केनेथ अ‍ॅरो यांनी हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केलं. तीन किंवा अधिक पर्याय असले तर पसंतीक्रम एकत्र करणारी कुठलीही पद्धत काही अगदी साध्या, वाजवी अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. त्यांना १९७२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे १९७० च्या दशकात गिबर्ड आणि सॅटरथ्वेट यांनी दाखवलं की तीन किंवा अधिक उमेदवार असताना, एकाच माणसाच्या मर्जीवर न चालणाऱ्या कुठल्याही पद्धतीत कधी ना कधी मतदाराला मनातला खरा क्रम लपवण्यात फायदा असतो.

यावरून ‘मग सगळ्या पद्धती सारख्याच’ असा निष्कर्ष काढू नका. दोष सगळ्यांत आहेत, पण सारखे नाहीत, आणि कुठला दोष चालवून घ्यायचा हे समाजाने डोळे उघडे ठेवून ठरवायचं असतं.

१०. मतदारसंघाच्या रेषा बदलून निकाल बदलता येतो म्हणतात. कसा?

पंधरा मतदार घ्या: ९ पिवळे, ६ निळे. तिघातिघांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत. आधी दोन मतदारसंघांत सगळेच पिवळे कोंबा. त्यात सहा पिवळे संपले. उरलेल्या तीन मतदारसंघांत प्रत्येकी एक पिवळा आणि दोन निळे. निकाल: निळे ३, पिवळे २. अल्पमतातले निळे सत्तेत. आता त्याच पंधरा जणांना वेगळं वाटा: चार मतदारसंघांत दोन पिवळे आणि एक निळा, पाचव्यात एक पिवळा आणि दोन निळे. पिवळे ४, निळे १. विरोधकांना एका जागी कोंबणं किंवा सगळीकडे थोडं थोडं विखरून टाकणं, सगळी कला या दोन चालींत आहे.

१८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी अशाच वेड्यावाकड्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. एका मतदारसंघाचा आकार सॅलमँडर या पालीसारख्या प्राण्याचा दिसतो म्हणून वर्तमानपत्राने त्याला ‘गेरीमँडर’ म्हटलं, आणि तो शब्द जगभर रूढ झाला. रेषा कोण आखतं, हे म्हणूनच मी फार महत्त्वाचं मानतो. ज्यांच्या जागा पणाला लागल्या आहेत त्यांच्या हातात पेन्सिल नसावी. प्रमाणशीर पद्धतीत, मतदारसंघ मोठे आणि बहुसदस्यीय असले की, या रेषांची ताकदच ओसरते.

११. माझ्या एका मताने खरंच काही फरक पडतो का?

खरं उत्तर देतो: मोठ्या निवडणुकीत तुमच्या एकट्याच्या मतावर निकाल फिरण्याची शक्यता अगदी नगण्य असते. पण शून्य नसते. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ मध्ये कल्याण सिंह चौहान यांना ६२,२१६ मतं पडली आणि सी. पी. जोशी यांना ६२,२१५. मुख्यमंत्रिपदाचे दावेदार मानले जाणारे जोशी एका मताने हरले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या एका जागेवर २०१७ मध्ये दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मतं पडली. भांड्यातून चिठ्ठी काढून विजेता ठरवला, आणि त्या एका चिठ्ठीवर सभागृहातलं ५१-४९ बहुमत ठरलं.

तरीही मी मतदानाचं समर्थन या अपवादांवर करत नाही. मत हे फक्त निकाल फिरवण्याचं साधन असतं तर बहुतेक माणसं घरीच बसली असती. उमेदवार कुठल्या वस्तीत फिरतात, कुठलं आश्वासन पाळतात, हे कोण मतदान करतं यावरून ठरतं. ज्या गटाची टक्केवारी कमी, त्याच्या दारात कुणी जात नाही.

१२. लोक मतदानाला का जात नाहीत? आळसच ना?

आळस हे फार सोपं उत्तर आहे. यादीत नाव नसणं, कामावरून सुटी न मिळणं, पत्ता बदललेला असणं, आणि ‘कुणीही आलं तरी आपलं काय बदलतं’ ही निराशा यांचं वजन मोठं असतं. शिवाय मतदान ही सवय आहे. एकदा जाऊन आलेला माणूस पुढच्या वेळी जाण्याची शक्यता वाढते, म्हणून पहिल्या मतदानाला मी इतकं महत्त्व देतो.

आजूबाजूच्यांची नजरही काम करते. अमेरिकेत मिशिगनमध्ये २००६ च्या एका प्राथमिक निवडणुकीआधी संशोधकांनी हजारो घरांना वेगवेगळी पत्रं पाठवली. काही पत्रांत त्या घरातल्यांनी आणि शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मतदान केलं की नाही हे छापलं होतं, आणि यावेळचंही कळवू असं लिहिलं होतं. पत्र न मिळालेल्यांत २९.७ टक्के मतदान झालं, हे पत्र मिळालेल्यांत ३७.८ टक्के. एका पत्राने आठ टक्क्यांची वाढ. मला हा मार्ग खटकतो, कारण त्यात लाज वापरली आहे. पण माणूस एकट्याने मतदान करत नाही, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

१३. मतदान सक्तीचं करून टाकलं तर?

ऑस्ट्रेलियाने १९२४ मध्ये कायदा केला. १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्क्यांच्या आतच मतदान झालं होतं. १९२५ मध्ये ते ९१ टक्क्यांच्या वर गेलं. दंड आजही नाममात्र आहे, २० डॉलर. तिथे मतदान शनिवारी असतं, टपालाने आणि मुदतीआधीही मत देता येतं. सक्ती सरकारवरही आहे, हा त्यातला भाग लोक विसरतात: मतदाराला यावंच लागणार असेल तर त्याला येता येईल अशी सोय करावीच लागते. सोय न करता नुसता दंड लावणं हा अन्याय होईल.

१४. मी कोणाला मत दिलं याचा फोटो दाखवायला काय हरकत? मत माझं आहे.

मत तुमचं आहे, पण गुप्तता फक्त तुमची नाही. तुम्हाला पुरावा दाखवता येत असेल तर तुमच्या शेजाऱ्याकडून तो मागता येतो. मालक मागेल, सावकार मागेल, पैसे वाटणारा मागेल. ‘दाखवताच येत नाही’ हीच दुबळ्या माणसाची ढाल आहे.

छापील मतपत्रिकेवर आडोशाला जाऊन मत देण्याची पद्धत १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत आली. ब्रिटनने ती १८७२ मध्ये स्वीकारली. चिलीमध्ये १९५८ पर्यंत पक्ष स्वतःच्या मतपत्रिका वाटत असत, त्यामुळे शेतमजुराच्या हातात कोणाची पत्रिका आहे हे जमीनदाराला कळे. सरकारी सामाईक मतपत्रिका आली आणि जमीनदारांची एकगठ्ठा मतं ढासळली. कायदा एका कागदाचा होता, परिणाम साऱ्या ग्रामीण राजकारणावर झाला.

१५. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक रद्द होते का?

देशोदेशी नियम वेगळा. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर नोटाचं बटण आलं, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक तोच विजयी. कोलंबियात मात्र कोऱ्या मतांना दात आहेत: ती निम्म्याहून अधिक झाली तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते, तीही नव्या उमेदवारांसह. २०११ मध्ये बेयो शहराच्या महापौरपदासाठी एकच उमेदवार उभा होता आणि लोकांनी कोऱ्या मताने त्याला हरवलं. निषेध नोंदवायचा असेल तर आधी तुमच्याकडचा नियम वाचा. मतपत्रिकेवर मजकूर लिहून ठेवला तर ती निव्वळ बाद मतांच्या गठ्ठ्यात जाते आणि निषेध कुणापर्यंत पोचत नाही.

१६. मतदार खरंच विचार करून मत देतात का?

देतात, पण परीक्षेसारखा अभ्यास करून नाही. बहुतेकांची एखाद्या पक्षाशी जुनी ओढ असते. कुंपणावरचे मतदार मागे वळून बघतात: गेल्या काही वर्षांत आपलं बरं चाललं की नाही? त्यात वाईट काही नाही; जाहीरनाम्यातल्या भविष्यापेक्षा भोगलेल्या भूतकाळावर निर्णय घेणं शहाणपणाचंच आहे. अडचण एवढीच की दुष्काळ किंवा जागतिक मंदी यांची शिक्षाही समोर बसलेल्या सरकारला मिळते.

मतदार खुणांवर चालतो, म्हणून खुणा स्वच्छ असाव्या लागतात. भारतात १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत लिहिता-वाचता न येणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी चिन्हं वापरली गेली आणि त्यांनी आत्मविश्वासाने मत दिलं. उलट फ्लोरिडातल्या पाम बीच परगण्यात २००० साली नावं मतपत्रिकेच्या दोन्ही बाजूंना आणि टोचायची छिद्रं मधोमध एका ओळीत होती. डावीकडे दुसरं नाव अल गोर यांचं, पण दुसरं छिद्र उजवीकडच्या पॅट ब्युकॅनन यांचं. तिथे ब्युकॅनन यांना ३,४०० च्या आसपास मतं पडली, त्यांच्या तिथल्या पाठिंब्याच्या मानाने फारच जास्त. आणि राज्याचा फैसला झाला ५३७ मतांनी (प्रश्न ६). खुणा मुद्दाम गढूळही करतात. सेंट पीटर्सबर्गमध्ये २०२१ साली विरोधी उमेदवार बोरिस विश्नेव्स्की यांच्याविरुद्ध आणखी दोन बोरिस विश्नेव्स्की उभे राहिले. दोघांनी नाव बदललं होतं आणि फोटोत दाढी-केसही तसेच दिसत होते. एका फलकावर तीन जवळजवळ सारखे चेहरे. खरे विश्नेव्स्की हरले.

१७. जनमत चाचण्या इतक्या लोकांना विचारूनही का चुकतात?

किती जणांना विचारलं यापेक्षा कोणाला विचारलं हे महत्त्वाचं. अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक उत्तरं आली, आणि लँडन जिंकणार असं जाहीर केलं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदींतून घेतले होते, आणि मंदीच्या काळात फोन-मोटार असलेले म्हणजे सुस्थितीतले लोक. त्यातही उत्तर पाठवण्याची तसदी कोण घेतं, हा आणखी एक कल. दुसरी मर्यादा प्रश्न ३ मधली: मतांच्या टक्क्याचा अंदाज बरोबर आला तरी जागांचा चुकू शकतो.

१८. यंत्र बरं की कागद?

जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये दिलेली कसोटी मला पटते: मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत. यंत्र वेगवान आहे, बाद मतं कमी करतं. पण शंका आली तर हातात धरून पुन्हा मोजता येईल असं काहीतरी मागे राहायला हवं. भारतातल्या यंत्राला जोडलेली व्हीव्हीपॅटची चिठ्ठी त्यासाठीच आहे.

१९. हरलेल्याने निकालच मानला नाही तर?

आरडाओरडा आणि आव्हान यांत फरक करा. न्यायालयात पुरावे घेऊन जाणं हा निवडणुकीचाच भाग आहे. ऑस्ट्रियात मे २०१६ मध्ये अध्यक्षपदाची दुसरी फेरी अलेक्झांडर फान डेर बेलेन यांनी सुमारे ३१ हजार मतांनी जिंकली. टपाली मतं वेळेआधी आणि अनधिकृत हातांनी उघडली गेल्याचं समोर आलं. निकाल फिरवल्याचा पुरावा नव्हता, तरी न्यायालयाने फेरी रद्द केली. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मतदान ठरलं, तर टपाली पाकिटांचा डिंक सुटत असल्याचं आढळलं आणि तारीख डिसेंबरवर गेली. फान डेर बेलेन पुन्हा जिंकले, यावेळी जास्त फरकाने, आणि प्रतिस्पर्ध्याने त्याच संध्याकाळी हार मान्य केली.

मलावीत २०१९ च्या निकालपत्रकांवर आकड्यांवर पांढरी शाई फिरवून नवे आकडे लिहिलेले सापडले. न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये निवडणूक रद्द केली आणि सर्वाधिक मतं पुरेशी नाहीत, निम्म्याहून अधिक हवीत असंही स्पष्ट केलं. विरोधकांनी मतं फुटू नयेत म्हणून आघाडी केली. जूनमधल्या फेरनिवडणुकीत लाझारस चकवेरा सुमारे ५९ टक्के मतांनी निवडून आले आणि सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष पायउतार झाले.